खारीतला भात आणि जनुकांची कळ: जनुकनियमनावर पीएचडी करू इच्छिणाऱ्यांसाठी

पेण-अलिबागच्या खाडीकाठी उधाणाच्या भरतीत बाहेरचा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, आणि चार-सहा दिवसांत एका वाणाची पाने शेंड्याकडून करपू लागतात, तर त्याच खाचरातले दुसरे वाण हिरवेगार उभे असते. पाणी तेच, माती तीच आणि दोन्ही रोपांतली जनुकेही बहुतांशी तीच. फरक कधी जनुकाच्या अक्षरांत असतो. पण पुष्कळदा तो कोणते जनुक कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती काम करते, यात असतो. या दुसऱ्या गोष्टीला जनुकनियमन म्हणतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा कृषी विषयात एमएससी करून या विषयात पीएचडी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. मी स्वतः खारीतल्या भातावर हे काम केले असल्यामुळे उदाहरणे भाताची आहेत, पण कामाच्या पायऱ्या आंबा, मासा किंवा माणसाच्या पेशी घेतल्या तरी फारशा बदलत नाहीत. या विषयातला प्रबंध सिक्वेन्सिंगच्या (डीएनए-आरएनएची अक्षरे वाचण्याच्या) यंत्रात जितका घडतो, त्याहून अधिक तो नमुने घेण्याच्या दिवशी घडतो किंवा बिघडतो, असे माझे मत अनुभवांती झाले आहे आणि पुढील मजकुरातले झुकते माप त्यामुळेच आहे.

प्रश्न कसा बांधावा

जनुकांना चालू-बंद करणारी कळ असते ही कल्पना फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये जिवाणूंवरच्या कामातून मांडली. दुधातली साखर उपलब्ध झाली तरच ती पचवणारी जनुके चालू होतात आणि एरवी एक रेणू त्यांना अडवून ठेवतो, हे त्यांनी दाखवले. १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना आंद्रे ल्वोफ यांच्यासह मिळाले. त्यानंतर जीनोमची, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएची, अक्षरे वाचून झाली. माणसाच्या सुमारे ३ अब्ज अक्षरांपैकी प्रथिनांचे वर्णन करणारी अक्षरे २ टक्क्यांच्या आतच भरली, आणि उरलेल्या भागात कळा कुठे आहेत याचा शोध आजही चालू आहे. भाताचा जीनोम त्या मानाने आटोपशीर आहे. १२ गुणसूत्रे आणि सुमारे ३९ कोटी अक्षरे असलेला हा जीनोम २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून पूर्ण झाला, त्यात ११ व्या गुणसूत्राच्या कामात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा होता, आणि त्या वेळी जनुकांची संख्या सुमारे ३७ हजार मोजली गेली.

या ३७ हजारांपैकी हजारो जनुकांचे काम मीठ लागताच कमीजास्त होते. म्हणूनच ‘क्षारतेचा भाताच्या जनुकांवर होणारा परिणाम’ हा पीएचडीचा प्रश्न होऊ शकत नाही. त्याचे उत्तर ‘पुष्कळ परिणाम होतो’ एवढेच येते आणि मौखिक परीक्षेत पुढे बोलायला काही उरत नाही. त्याऐवजी प्रश्न असा बांधावा: ‘काळा राता या मीठ सोसणाऱ्या वाणाच्या मुळांत एचकेटी १;५ हे जनुक मीठ लागल्यापासून २४ तासांत आयआर-२९ या संवेदनशील वाणापेक्षा अधिक चालू होते का, आणि होत असेल तर तो फरक त्या जनुकाच्या स्वतःच्या कळीत आहे की ती कळ दाबणाऱ्या प्रथिनात?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तरी प्रबंध उभा राहतो, कारण मग फरक अक्षरांत आहे की दुसऱ्या जनुकात, हा पुढचा प्रश्न आपोआप खुला होतो.

एचकेटी १;५ चे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. हे प्रथिन मुळांतून वर चढणाऱ्या रसातले सोडियम काढून बाजूच्या पेशींत टाकते, त्यामुळे पानांपर्यंत मीठ कमी पोहोचते. बंगालकडच्या नोना बोक्रा या वाणातून २००५ मध्ये हे जनुक ओळखले गेले, आणि केरळच्या पोक्काली वाणातला मीठ सोसण्याशी जोडलेला ‘सॉल्टॉल’ हा प्रसिद्ध डीएनएचा पट्टाही पहिल्या गुणसूत्राच्या त्याच भागात आहे. याच्या उलट स्वभावाचे उदाहरण डीएसटी या जनुकाचे. ते स्वतःच कळ दाबणारे प्रथिन बनवते आणि त्याच्या कामामुळे पानांवरची रंध्रे मिटायला अडथळा येतो. ते बंद पाडले तर रोप दुष्काळ आणि मीठ जास्त सोसते. मे २०२५ मध्ये देशात जाहीर झालेल्या जनुकसंपादित भाताच्या दोन वाणांपैकी ‘पुसा डीएसटी राइस १’ याच जनुकावरच्या कामातून आले. नियमनाचा अभ्यास शेतापर्यंत कसा पोहोचतो, हे गावाकडच्यांना सांगायला याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

इथे एक गोष्ट बाजूला सांगून ठेवते. कोकणातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना हापूसवर, आणि त्यातही साक्यावर (फळाचा आतला गर बिघडण्याच्या दोषावर), काम करायचे असते. विषय अस्सल आहे, आणि २०२० मध्ये हापूसचाच जीनोम प्रसिद्ध झाल्यामुळे पायाही तयार आहे. मात्र आंबा वर्षातून एकदाच येतो. एप्रिलमध्ये नमुने चुकले की पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावे लागते, आणि पीएचडीच्या काळात असे तीन किंवा फार तर चार एप्रिल हाती लागतात. ज्या प्रयोगशाळेत आंब्याचे काम आधीपासून मुरलेले आहे, तिथेच हा विषय घ्यावा.

मार्गदर्शक, नोंदणी आणि पैसा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीचा कालावधी कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षांचा आहे. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते आणि संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात प्रगती मांडावी लागते. महिला विद्यार्थ्यांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, ही तरतूद पुष्कळ कार्यालयांत आपण दाखवल्यावरच आठवते, म्हणून नियमाची प्रत जवळ ठेवावी. कृषी विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते आणि तिची चौकशी दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रत्यक्ष जाऊन केलेली बरी.

पैशांची सोय आधी पाहावी. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) म्हणून ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. जैवतंत्रज्ञान विभागाची आणि आयसीएमआरची जेआरएफ परीक्षा स्वतंत्र असते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या गटांतील पीएचडी विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. मात्र यांतली बरीच रक्कम पोटापाण्यासाठी असते आणि सिक्वेन्सिंगचा खर्च त्यात बसत नाही. तो मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून यावा लागतो. म्हणून पहिल्या भेटीत नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे: “सर, माझ्या नमुन्यांच्या सिक्वेन्सिंगसाठी मंजूर निधी आहे का, की तो अजून मागायचा आहे?” उत्तर ‘बघू’ असेल तर प्रयोग लहान आखावा. दुसरा प्रश्न मार्गदर्शकाला न विचारता तिथल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाच्या टपरीवर विचारावा: इथे विदा (डेटा) कोण तपासतो, आणि तपासायला शिकवतो का?

कोकणात राहून हे काम होते का, असे मला वारंवार विचारले जाते. अर्धे होते. शेत, वाण, मीठ आणि मुळे इथे आहेत, दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र इथे आहेत. सिक्वेन्सिंग पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा बंगळूरुला होते आणि विश्लेषण चांगले इंटरनेट असेल तिथे कुठेही. अडचण या दोन अर्ध्यांच्या मधल्या प्रवासात आहे, आणि तिच्याकडे पुढे येऊच.

बी

पहिले सहा महिने फक्त बियाण्याला द्यावेत. शेतकऱ्याकडून आणलेले पारंपरिक वाण म्हणजे एकच वाण नसते. काळा राता म्हणून मिळालेल्या पायलीभर भातात थोड्याफार फरकाच्या अनेक वंशरेषा मिसळलेल्या असतात. त्यातून एकेक लोंबी निवडून, एकाच रोपाचे बी वेगळे वाढवून, निदान दोन पिढ्या तपासल्याशिवाय जनुकांची तुलना करू नये. अन्यथा चार ट्यूबमध्ये चार वेगळी रोपे असतील आणि त्यांच्यातला फरक मिठामुळे पडला की मुळातच होता, हे कोणालाच सांगता येणार नाही. तुलनेसाठी संवेदनशील म्हणून आयआर-२९ आणि सहिष्णू म्हणून एफएल-४७८ हे दोन प्रमाणित वाण जगभर वापरले जातात. तेही सोबत ठेवले तर आपले निष्कर्ष इतरांच्या निष्कर्षांशी ताडून पाहता येतात.

बी देणाऱ्या शेतकऱ्याची, गावाची, शेताच्या जागेची आणि तारखेची नोंद त्याच दिवशी करावी. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कल्पना द्यावी. बियाणे, डीएनए किंवा परदेशी सहकाऱ्याबरोबरचे काम यांपैकी काहीही देशाबाहेर जाणार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचावेत. पार्सल गेल्यावर वाचून उपयोग नसतो. शिवाय शेतकऱ्याला माहिती असते ती पुस्तकात नसते. ज्यांच्याकडून मी बी घेतले ते काका उघाडीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, “बाय, पावसानं आठ दिस उघडीप दिली का मीठ हितं पहिलं वर येतं.” नंतर क्षारतामापक लावला तेव्हा शेतातला सर्वांत मोठा आकडा त्याच कोपऱ्यात आला.

मांडणी

नियमनाच्या मूळ प्रश्नासाठी थेट शेतातले नमुने घेऊ नयेत. खारीत क्षारता एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत बदलते, पावसाच्या सरीनिशी उतरते आणि उघडिपीत चढते. शेत हे शेवटी, निष्कर्ष पडताळायला वापरावे. सुरुवात पाण्यातल्या वाढीने करावी. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पद्धतीत थर्माकोलच्या जाळीदार तक्त्यावर मोड आलेले बी ठेवून रोपे पोषक द्रावणात वाढवतात, मग मीठ घालून द्रावणाची विद्युतवाहकता आधी ६ डेसिसीमेन्स प्रति मीटर करतात आणि तीन दिवसांनी १२ वर नेतात. एकदम १२ वर नेल्यास रोपाला पाण्याच्या ताणाचा धक्का बसतो आणि मिठाचा परिणाम म्हणून आपण वेगळेच काही मोजत बसतो. द्रावणाचा सामू (पीएच) रोज पाहून ५ वर आणावा लागतो. हे काम रविवारीही चुकत नाही, गौरी-गणपतीतही चुकत नाही. कोकणातल्या विद्यार्थ्याने प्रयोगाची तारीख पंचांग पाहूनच ठरवावी, असे मी गंभीरपणे सांगते.

आता आकडेमोड. दोन वाण, मीठ असलेले आणि नसलेले अशा दोन स्थिती, ६ तास, २४ तास आणि ७२ तास असे तीन वेळबिंदू आणि प्रत्येकी ४ स्वतंत्र पुनरावृत्ती धरल्यास ४८ नमुने होतात. यात कपात करायची वेळ आली तर वेळबिंदू कमी करावेत, पुनरावृत्ती कमी करू नयेत. तीन पुनरावृत्तींवर शोधनिबंध निघतात हे खरे, परंतु मध्यम फरक असलेली पुष्कळ जनुके तीनमध्ये हातची निसटतात आणि सहा असाव्यात अशी शिफारस अभ्यासांतून झालेली आहे. ‘स्वतंत्र’ या शब्दावर लक्ष द्यावे. एकाच ट्रेमधली चार रोपे म्हणजे चार पुनरावृत्ती नव्हेत, कारण त्या ट्रेमध्ये मीठ थोडे जास्त पडले असेल तर चारही एकाच दिशेने चुकतात. ट्रे वेगळे हवेत, आणि खिडकीशेजारी कोणता ट्रे येईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

यानंतरचा धडा मी स्वतःच्या खर्चाने शिकले. पहिल्या फेरीत एकटीनेच नमुने घेताना सहिष्णू वाणाची मुळे सकाळी आठ ते दहा या वेळात कापली, जेवून आले आणि संवेदनशील वाणाची मुळे दुपारी एक ते तीन या वेळात कापली. विश्लेषण झाले तेव्हा दोन वाणांतल्या फरकांच्या यादीत सर्वांत वर एलएचवाय हे जनुक आले, आणि मी दोन आठवडे आनंदात होते. एलएचवाय हे रोपाच्या दैनंदिन घड्याळाचे जनुक आहे. ते पहाटे चढते आणि दिवस वर येतो तसे उतरत जाते. मी मिठाचा किंवा वाणाचा फरक मोजलाच नव्हता. मी सकाळ आणि दुपार मोजली होती. आठ महिने आणि त्या वर्षाचा सिक्वेन्सिंगचा सगळा निधी त्यात गेला. दुसऱ्या फेरीत आम्ही चौघी बसलो, प्रत्येकीकडे प्रत्येक वाणाचे आणि प्रत्येक स्थितीचे ट्रे मिसळून दिले आणि ४० मिनिटांत सगळी मुळे द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकली. तुलना करायच्या दोन गटांमध्ये वेळ, कापणारा हात, आरएनए (चालू जनुकावरून पेशीत बनणारा रेणू; तो मोजून जनुक किती चालू आहे ते कळते) काढण्याचा दिवस किंवा रसायनाची बाटली यांपैकी काहीही गटानुसार विभागले जाता कामा नये.

मूळ ते आरएनए

मूळ स्वच्छ पाण्यात एकदा बुडवून, टिपकागदाने टिपून, कापून नायट्रोजनमध्ये जाईपर्यंत मिनिटाहून अधिक वेळ घेऊ नये. हाताळण्याचा धक्काही जनुकांना कळतो. ट्यूबवर साध्या मार्करने लिहिलेले नाव नायट्रोजनच्या थंडीत आणि अल्कोहोलच्या थेंबाने पुसले जाते. शीतसाठवणीसाठीची चिकटपट्टी लावावी, झाकणावर क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक शिवलेल्या, पाने क्रमांकित असलेल्या वहीत असावा.

मग प्रवास. नायट्रोजनचे भांडे घेऊन घाट चढताना ते उभेच राहील अशी लाकडी चौकट करून घ्यावी, गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात, कारण उडणारा नायट्रोजन बंद गाडीत प्राणवायू कमी करतो, आणि जूननंतर महामार्गावर नेहमीपेक्षा दुप्पट वेळ धरूनच नायट्रोजन भरावा. उणे ८० अंशांच्या फ्रीजरवर वादळी पावसात भरवसा ठेवू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कित्येक गावांत वीज यायला किती दिवस गेले, हे इथे कोणाला सांगायला नको. जनित्र नसेल तर नमुने मे महिन्याच्या मध्याआधी आरएनए काढून संपवावेत, किंवा निम्मे नमुने दुसऱ्या गावच्या फ्रीजरमध्ये ठेवावेत.

आरएनएची शाबूतता आरआयएन या आकड्यात सांगतात. १० म्हणजे उत्तम, आणि ७ च्या खाली गेलेला नमुना शक्यतो पुढे पाठवू नये. पानांच्या नमुन्यात हरितलवकांचा आरएनए मिसळलेला असल्याने आकडा थोडा कमी येतो, त्याने घाबरून जाऊ नये. आंबा किंवा काजू घेतला असेल तर तयार किट पुष्कळदा हार खाते, कारण त्यांतली पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा आरएनएला धरून बसतात. तिथे सीटॅब आणि पीव्हीपी ही रसायने वापरणारी जुनी, वेळखाऊ पद्धतच चालते.

सिक्वेन्सिंग

ही पायरी लोकांना सर्वांत मोठी वाटते, परंतु विद्यार्थ्याच्या हातात इथे फारच थोडे असते. प्रत्येक नमुन्याला २ ते ३ कोटी रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) भातासाठी पुरतात. सर्व ४८ नमुने एकाच फेरीत चालवून घ्यावेत, आणि ते शक्य नसेल तर प्रत्येक फेरीत सर्व गटांचे नमुने मिसळून द्यावेत. आलेल्या फाइल अखंड आल्या आहेत का, हे सोबतच्या एमडी५ सांकेतांकाशी ताडून पाहावे आणि तीन ठिकाणी प्रती कराव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत.

विश्लेषण

लिनक्सच्या मूलभूत आज्ञा, आर ही भाषा आणि सांख्यिकी या तीन गोष्टी कोर्सवर्कच्या वर्षातच शिकाव्यात. माउसने चालणारे गॅलेक्सी हे विश्लेषणाचे साधन सुरुवातीला चालते, पण तिथेच थांबू नये. फास्टक्यूसीने दर्जा पाहावा, स्टार किंवा हायसॅटने रीड्स जीनोमवर बसवावेत किंवा सॅमनने थेट मोजावेत, आणि मोजणी डीसेक-२ या सांख्यिकी तुलनेच्या साधनात न्यावी. भाताचा प्रमाण जीनोम निप्पोनबारे या जपानी वाणाचा आहे, तर आपली कोकणातली वाणे बहुतेक इंडिका गटातली. दूरच्या जीनोमवर बसवताना आपल्या वाणाचे काही रीड्स नाकारले जातात आणि जनुक ‘कमी चालू’ असल्याचा भास होतो. म्हणून इंडिकाचा एखादा पूर्ण जीनोम घेऊन निकाल पुन्हा तपासावा.

कोणतीही यादी काढण्यापूर्वी सर्व नमुन्यांचा मुख्य घटकांचा आलेख (पीसीए; सारखे नमुने जवळ आणि वेगळे दूर दाखवणारा) काढून भिंतीवर लावावा. ठिपके वाणानुसार आणि मिठानुसार वेगळे होत आहेत, की आरएनए काढण्याच्या तारखेनुसार? माझ्या पहिल्या फेरीत तो आलेख मी काढला असता तर ते दोन आनंदी आठवडे वाचले असते.

यानंतर जी चूक होते ती इतकी सर्रास आहे की छापून आलेल्या निबंधांतही दिसते. सहिष्णू वाणात मिठाने बदललेल्या जनुकांची एक यादी करतात, संवेदनशील वाणात बदललेल्यांची दुसरी, दोन वर्तुळे एकमेकांवर काढतात आणि फक्त पहिल्या वर्तुळात पडलेली जनुके ‘सहिष्णुतेची जनुके’ म्हणून जाहीर करतात. समजा एक जनुक पहिल्या वाणात दुप्पट झाले आणि सांख्यिकीच्या उंबरठ्याच्या किंचित आत आले. दुसऱ्या वाणात ते १.९ पट झाले आणि उंबरठ्याच्या किंचित बाहेर राहिले. वर्तुळे सांगतील की ते पहिल्याचेच वैशिष्ट्य आहे, आणि प्रत्यक्षात दोघांत काहीच फरक नाही. विचारायचे असते ते हे, की मिठाला मिळालेला प्रतिसाद दोन वाणांत वेगळा आहे का. आणि त्याची चाचणी थेट करता येते. डीसेक-२ च्या मांडणीत वाण, मीठ आणि त्या दोघांचा परस्परपरिणाम अशी तीन पदे लिहून तिसऱ्या पदाची चाचणी करावी. यादी लहान येते. कधीकधी दोनशेऐवजी अकरा जनुके येतात आणि मन खट्टू होते, पण ती अकरा पुढे टिकतात. ३० हजार जनुके एकेकटी ०.०५ च्या उंबरठ्यावर तपासली तर काहीही फरक नसताना दीड हजार जनुके केवळ योगायोगाने ‘सापडतात’, म्हणून बहुचाचणी दुरुस्ती केलेला आकडाच वाचावा, हे ओघाने आलेच.

फरकापासून नियमनापर्यंत

इथवर आपण फक्त कोणत्या खोलीत दिवा लागला ते पाहिले आहे. तो कोणी लावला, हे पाहिल्याशिवाय प्रबंधाच्या नावात ‘नियमन’ हा शब्द घालू नये. कमी खर्चात सर्वांत नेमके उत्तर देणारी युक्ती संकराची आहे. सहिष्णू आणि संवेदनशील वाणांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीच्या रोपात आईची आणि बापाची प्रत एकाच पेशीत असते. दोघींना त्याच पेशीतली तीच प्रथिने मिळतात, जणू दोन जावा एकाच चुलीवर स्वयंपाक करीत आहेत. अशा पेशीतही सहिष्णू बाजूची प्रत जास्त चालू राहिली, तर फरक त्या प्रतीच्या स्वतःच्या कळीत, म्हणजे जनुकाच्या शेजारच्या डीएनएत आहे. दोन्ही प्रती सारख्या चालू लागल्या, तर मूळ फरक कळ दाबणाऱ्या प्रथिनात होता. दोन प्रती ओळखायला जनुकात निदान एका अक्षराचा फरक लागतो, आणि दोन वाणांचे डीएनए सिक्वेन्सिंग आधी केले असेल तर तो मिळतो. संकर करायला मात्र हात लागतो: फुलोऱ्यातली लोंबी निवडून न उमललेल्या फुलांचे सहाही पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. पनवेल किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्रातल्या एखाद्या अनुभवी मजुराकडून हे शिकण्यात कमीपणा मानू नये.

कळ शेजारच्या डीएनएत आहे असे दिसले की ती नेमकी कुठे आहे, ते शोधायचे. २०१३ मध्ये आलेले अटॅक-सिक्वेन्सिंग हे तंत्र डीएनएचे कोणते भाग मोकळे, म्हणजे प्रथिनांना हात लावता येईल असे आहेत, ते दाखवते आणि त्याला मूळ पद्धतीत ५० हजार पेशी पुरतात. वनस्पतींत आधी केंद्रके अलग करावी लागतात, आणि हरितलवकांचा डीएनए निम्मे रीड्स खाऊन टाकू शकतो. या बाबतीत मुळे पानांपेक्षा सोयीची. मोकळ्या भागात कोणत्या प्रथिनांच्या बसण्याच्या खुणा आहेत, हे संगणक सांगतो, पण तो अंदाज असतो. खुणा सगळीकडे सापडतात. त्या खरोखर चालतात का, हे पाहण्यासाठी तो तुकडा काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या जनुकापुढे जोडून भाताच्या आवरणरहित पेशींत प्रकाश मोजावा, खूण बिघडवून पुन्हा मोजावा, आणि वेळ व निधी असल्यास क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने मूळ रोपातच ती खूण काढून पाहावी. पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या (बाहेरचे जनुक न घालता) संपादित वनस्पतींना जनुकसुधारित पिकांच्या काही नियमांतून सूट दिली आहे, तरी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी काम सुरू करण्याआधी घ्यावीच लागते. क्रिस्परचे रोप हाती यायला वर्ष सहज जाते, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ते सुरू करण्यात अर्थ नाही.

प्रबंध, निबंध आणि कपाट

प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे अशी सक्ती २०२२ च्या नियमांत नाही. काही विद्यापीठे आणि मार्गदर्शक ती स्वतःहून ठेवतात, म्हणून आधी विचारून घ्यावे. आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे. आठ दिवसांत छापून देतो म्हणून पैसे मागणारे पत्र आले तर उत्तरही देऊ नये. मूळ विदा निबंधाबरोबर सार्वजनिक भांडारात ठेवावी लागते. सरकारी निधीवरच्या कामासाठी आता फरीदाबादला भारतीय जैविक विदा केंद्र आहे. विश्लेषणाच्या सर्व आज्ञा गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवल्या असतील तर परीक्षकाने विचारलेली आकृती पुन्हा काढायला दोन मिनिटे लागतात, नसतील तर दोन आठवडे. पद्धतींचे प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहावे, कारण चौथ्या वर्षी द्रावणाचा सामू कोणत्या आम्लाने उतरवला होता ते आठवत नाही.

मौखिक परीक्षा झाल्यावर एक काम उरते आणि ते बहुधा राहून जाते. निवडलेल्या प्रत्येक वंशरेषेचे बी नीट वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, वाण, पिढी, कापणीची तारीख आणि वहीचा पान क्रमांक लिहून शीतकपाटात ठेवावे, त्याची यादी मार्गदर्शकाला आणि पुढच्या विद्यार्थ्याला द्यावी, आणि ज्या खाचरातून पहिली लोंबी आणली त्या घरी एक पायली शुद्ध केलेले बी पुढच्या पेरणीआधी, म्हणजे मे अखेरपर्यंत, नेऊन पोहोचवावे.